चेंडू कोणाच्या हातात? पॉइंट गार्डच्या पिढ्या आणि ‘गुणवत्ते’चा हिशेब

पेण-वडखळ-गडब या पट्ट्यात खेळ म्हटला की कबड्डी. पण आता मोबाइलवर एनबीए पाहणारी पोरंही आपल्या वस्त्यांत आहेत आणि त्यांच्यात एक वाद रंगतो : सगळ्यात मोठा पॉइंट गार्ड कोण? कोणी मॅजिक जॉन्सनचं नाव घेतो, कोणी स्टीफन करीचं. ‘जुन्यांना आजच्या वेगात धावताही आलं नसतं,’ असं एक म्हणतो. ‘आजच्यांना तेव्हाच्या धक्काबुक्कीत उभं राहता आलं नसतं,’ असं दुसरा. दोघांच्याही हातात आकडे असतात.

हा वाद पोरखेळ म्हणून सोडून देऊ नका. हाच वाद आपल्याशी रोज घातला जातो, फक्त तिथे त्याचं नाव ‘गुणवत्ता’ असतं. दोन माणसांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे, ज्याचा आकडा मोठा त्याला मोठा म्हणायचं, आणि मैदान कोणाचं होतं, नियम कोणी केले, कोणाला खेळू दिलं आणि कोणाला बाहेर बसवलं, हे सगळं पुसून टाकायचं. प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत हेच होतं, नोकरीच्या मुलाखतीत हेच होतं. म्हणून पॉइंट गार्डच्या पिढ्यांकडे एकदा आंबेडकरी नजरेने पाहू. माझं म्हणणं थोडक्यात असं : पिढ्यांची तुलना करताना ‘कोण किती मोठा’ या प्रश्नाच्या आधी ‘चेंडू कोणाच्या हातात द्यायचा हे कोण ठरवत होतं’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

पॉइंट गार्ड म्हणजे काय?

बास्केटबॉलमध्ये एका बाजूने पाच खेळाडू असतात. त्यातला पॉइंट गार्ड बहुधा सगळ्यांत बुटका. चेंडू आपल्या अर्ध्यातून समोरच्या अर्ध्यात आणणं, डाव कोणता टाकायचा ते ठरवणं, कोणाला कधी पास द्यायचा ते ठरवणं, हे त्याचं काम. त्याच्या पासवर दुसऱ्याने बास्केट केली की त्याच्या नावावर ‘असिस्ट’ लागते. म्हणजे ही जागा नुसत्या ताकदीची नाही, निर्णयाची आहे. मैदानावर संघाचं डोकं ज्याच्या खांद्यावर, तो पॉइंट गार्ड. आणि निर्णयाची जागा म्हटली की तिथे कोणाला बसू द्यायचं, हा प्रश्न प्रत्येक विषम समाजात उभा राहतो. अमेरिकेत तो वर्णाने ठरला. आपल्याकडे तो जातीने ठरतो.

पहिली पिढी : दार कोणासाठी उघडं होतं?

ज्या लीगला आज आपण एनबीए म्हणतो ती १९४६ साली सुरू झाली. तिच्यातला पहिला बिगरगोरा खेळाडू १९४७ साली न्यू यॉर्क निक्सकडून उतरला : वॅट मिसाका, जपानी वंशाचा अमेरिकन, आणि तो गार्डच होता. तीन सामन्यांनंतर त्याला संघातून काढलं. कृष्णवर्णीय खेळाडूंना दार उघडलं ते १९५० साली. चक कूपर, नॅट क्लिफ्टन आणि अर्ल लॉइड हे तिघे त्या वर्षी आले. पण आत आले म्हणजे चेंडू हातात आला असं झालं नाही. रिबाउंड घ्यायचे, अंगावर मार झेलायचा, समोरच्याच्या मोठ्या खेळाडूला अडवायचं, अशीच कामं त्यांच्या वाट्याला आली. डाव टाकायचं काम गोऱ्यांचं.

त्याच १९५० साली बोस्टन सेल्टिक्समध्ये बॉब कूझी आला. त्याला पॉइंट गार्डच्या खेळाचा पहिला मोठा कलाकार मानतात. पाठीमागून ड्रिबल, न बघता दिलेला पास, सलग ८ हंगाम असिस्टमध्ये लीगमध्ये पहिला. कूझी गोरा होता, पण गरीब फ्रेंच स्थलांतरितांचा मुलगा होता आणि माणूस सरळ होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात हॉटेलने चक कूपरला खोली नाकारली, तेव्हा कूझी त्याच्याबरोबर रात्रीच्या रेल्वेने शहर सोडून निघाला. १९५४ साली खेळाडूंची संघटना उभी केली तीही त्यानेच. हे मुद्दाम सांगतो, कारण आपला राग माणसांवर नसून व्यवस्थेवर असतो. कूझीची गुणवत्ता खरी होती. पण त्याच्या काळात ‘सर्वोत्तम’ कोण हे ठरवताना कितीजणांना स्पर्धेत उतरूच दिलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. अर्ध्या समाजाला कुंपणाबाहेर ठेवून काढलेला पहिला नंबर हा पहिलाच नंबर असतो का?

दुसरी पिढी : खेळाडू आणि खटला

ऑस्कर रॉबर्टसन इंडियानापोलिसच्या गरीब वस्तीत वाढला. क्रिस्पस अटक्स या शाळेत तो शिकला. ही शाळा शहराने १९२७ साली कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळं ठेवण्यासाठी काढली होती. १९२७ हे साल आपल्याला वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, गडबवरून जाणाऱ्या याच महामार्गावर पुढे लागणाऱ्या महाडमध्ये, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं.

१९५५ साली ऑस्करच्या शाळेने राज्य अजिंक्यपद जिंकलं. सगळे खेळाडू कृष्णवर्णीय असलेल्या शाळेने ते जिंकण्याची ती पहिलीच वेळ. रिवाज असा होता की विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मध्यभागी साजरी व्हायची. या मुलांची मिरवणूक मात्र तिथे रेंगाळू दिली नाही, काळ्यांच्या वस्तीतल्या बागेकडे वळवली. जिंकलात, पण नाचा तुमच्या वाड्यात! आपल्याकडे मिरवणूक कोणत्या गल्लीतून न्यायची यावर आजही दगड पडतात, त्यामुळे हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हाच ऑस्कर पुढे १९६१-६२ च्या हंगामात सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट करून गेला. तिन्ही सरासऱ्या दोन आकडी. हे पुन्हा कोणाला जमलं ते थेट २०१६-१७ साली, रसेल वेस्टब्रुकला. मधे ५५ वर्षं गेली.

पण आकड्यांच्या वादात ऑस्करचं खरं काम हरवतं. १९६५ ते १९७४ तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. त्या काळी खेळाडू ज्या संघाने घेतला त्याच संघाशी बांधलेला असायचा; मालकाने सोडलं तरच सुटका. खोताच्या कुळासारखीच अवस्था. ऑस्करने १९७० साली लीगवर खटला भरला. १९७६ साली तडजोड झाली आणि खेळाडूला आपला संघ निवडण्याची वाट मोकळी झाली. आज करीसारख्या खेळाडूला मिळणारे करार पाहून डोळे दिपतात. त्या करारांच्या मुळाशी ऑस्करचा खटला आहे. त्या असिस्टची नोंद मात्र कोणत्याही तक्त्यात नाही.

तिसरी पिढी : ‘डोकं’ कोणाचं आणि ‘अंग’ कोणाचं?

१९७० साली जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएलव्होग या अभ्यासकांनी अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉलच्या संघांचा अभ्यास मांडला. मैदानाच्या मध्यभागी असणाऱ्या, निर्णयाच्या आणि सगळ्यांशी संबंध येणाऱ्या जागांवर गोरे. कडेच्या जागांवर कृष्णवर्णीय. संघात प्रवेश मिळाला तरी आत पुन्हा उतरंड होतीच. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमाची नाही तर श्रमिकांची विभागणी म्हटलं होतं. ती गोष्ट अशी खेळाच्या मैदानावरही दिसते.

मग १९७९-८० च्या हंगामात मॅजिक जॉन्सन आला. उंची ६ फूट ९ इंच. एवढा उंच कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे जुन्या हिशेबाने बास्केटखाली उभा करायचा माणूस. मॅजिकने चेंडू आपल्या हातात ठेवला. १९८० च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात करीम अब्दुल-जब्बार जखमी होता, तेव्हा या पहिल्या वर्षाच्या पॉइंट गार्डने सेंटरच्या जागेवर सुरुवात केली आणि ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट करून विजेतेपद आणलं. पाच विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. ‘डोक्याची जागा’ आणि ‘अंगाची जागा’ ही भिंत त्याने खेळून पाडली.

पण समालोचकांच्या तोंडातली भिंत तशीच होती. १९८७ साली डेट्रॉइटच्या डेनिस रॉडमनने लॅरी बर्डबद्दल एक भडक विधान केलं : बर्ड गोरा आहे म्हणून त्याचं एवढं कौतुक होतं. त्याच संघाचा पॉइंट गार्ड आयझेया थॉमसने त्याला दुजोरा दिला आणि गदारोळ झाला. नंतर थॉमसने आपला मुद्दा नीट मांडला. बर्ड मोठा खेळाडू आहे, पण गोरा खेळाडू चांगला खेळला की त्याची बुद्धी आणि मेहनत दिसते. काळा खेळाडू चांगला खेळला की निसर्गाची देणगी दिसते. जणू त्याने कधी सराव केलाच नाही, कधी विचार केलाच नाही.

मित्रांनो, हे वाक्य आपल्या गावात आणून पाहा. ‘त्यांच्या रक्तातच गाणं आहे.’ ‘हलगी काय, त्यांच्या हाताला उपजतच येते.’ ‘कष्टाला वाघ आहेत ही माणसं.’ कौतुकच आहे ना? पण या कौतुकात डोकं कुठे आहे? डोक्याचं कौतुक राखून ठेवलेलं असतं. आणि आपल्यातल्या कोणी डोकं चालवून परीक्षा पास केलीच, तर ‘कोट्यातून आला’ हा शेरा तयार असतो. अंगाने पुढे गेलात तर उपजत, डोक्याने पुढे गेलात तर सवलत. मेहनत कधीच नाही.

याच पिढीत जॉन स्टॉकटन झाला, युटा जॅझचा. १५,८०६ असिस्ट आणि ३,२६५ स्टील, दोन्ही विक्रम अजून अबाधित. तो गोरा आहे म्हणून त्याचा विक्रम लहान होत नाही. उलट, खुल्या मैदानात, सगळ्यांना स्पर्धेत घेऊन केलेला विक्रम म्हणून तो जास्त पक्का आहे. दार उघडल्याने गुणवत्ता बुडत नाही, खरी होते, याचा हा सरळ पुरावा आहे.

चौथी पिढी : नियम बदलले की मोठेपण बदलतं

करीने २०१५-१६ च्या हंगामात ४०२ तीन-गुणी बास्केट केल्या आणि एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता कूझीच्या नावावर तीन-गुणी बास्केट किती? शून्य. ऑस्करच्या? शून्य. कारण एनबीएत तीन गुणांची रेषाच १९७९-८० साली आखली गेली. पुढे २००४-०५ पासून समोरच्याला हाताने अडवण्यावरचा नियम कडक केला आणि छोट्या चणीच्या गार्डला मोकळं रान मिळालं. करीची मेहनत कमी नाही, त्याचा नेम कमी नाही. पण त्याच्या मोठेपणाला जागा देणारी रेषा मैदानावर आखायला कोणीतरी लागलं. आरक्षण म्हणजे तरी काय? मैदानावर आखलेली एक रेषाच ना! ती रेषा नेम लावून देत नाही. लांबून नेम लावणाऱ्याच्या कष्टाला मोल देते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. खेळाडूंच्या संघटनेचा इतिहास पाहिला तर पॉइंट गार्डच पुन्हा पुन्हा पुढे दिसतो. स्थापना कूझीची, खटला ऑस्करचा, पुढे आयझेया थॉमस अध्यक्ष, २०१३ ते २०२१ ख्रिस पॉल अध्यक्ष. ऑगस्ट २०२० मध्ये जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा मिलवॉकीच्या संघाने सामना खेळायला नकार दिला आणि लीग थांबली. त्या वेळी संघटनेच्या प्रमुखपदी ख्रिस पॉल होता. मैदानावर जो सगळ्यांना सोबत घेऊन डाव उभा करतो, तो मैदानाबाहेरही संघटना उभी करतो. संघटित व्हा म्हणजे काय, ते हेच.

आणि तरीही मैदानाबाहेरची उतरंड किती चिवट पाहा. एनबीएत पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाला तो १९६६ साली, बिल रसेल. पहिला कृष्णवर्णीय बहुसंख्य-मालक रॉबर्ट जॉन्सन. त्याचा शार्लटचा संघ मैदानात उतरला २००४ साली. खेळाडू १९५०, प्रशिक्षक १९६६, मालक २००४. पायरी जेवढी वर, तेवढा उशीर.

आपल्याकडचा चेंडू

‘अमेरिकेचं पुराण पुरे, आपलं सांगा,’ असं कोणी म्हणेल. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं आणि आपल्या पँथरने नावच तिकडून घेतलं, त्यामुळे ते पुराण परकं नाही. तरी आपल्याकडे वळू.

मुंबईत बास्केटबॉल रुजला तो नागपाड्यात. तिथलं नागपाडा नेबरहूड हाउस अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्टने १९२७ साली उभं केलं. आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवात १९३६ साली त्याच वास्तूत झाली. याच नागपाड्यातल्या कामगार, मुसलमान वस्तीतून अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार घेऊन आला. जिमखान्याचं सभासदत्व न लागता मैदान मिळालं की गल्लीतून कर्णधार निघतो, हे नागपाड्याने दाखवलं.

जिथे मैदान जिमखान्याचं होतं तिथे काय झालं? त्यासाठी क्रिकेटकडे जावं लागतं, पळवणकर बंधूंकडे. पॉइंट गार्डच्या जागी इथे कर्णधारपद ठेवा; प्रश्न तोच आहे.

पळवणकर बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात पारशांच्या आणि मग गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी सांभाळायची नोकरी, महिना तीन-चार रुपये. गोरे साहेब त्यांच्याकडून सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करून घेत, फलंदाजीला बॅट मात्र देत नसत. पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरे, तो कोणाला विटाळत नसे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचे ८ बळी. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीत ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास. गुणवत्ता याहून वेगळी काय असते? तरी चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीही दिलं नाही. कर्णधार एम. डी. पै यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं की हा मान बाळूंचा होता. मान मात्र पैंकडेच राहिला.

१९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. त्याच वर्षी चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातून वगळलं आणि कर्णधारपदासाठी पळवणकरांना पुन्हा डावललं. शिवराम आणि विठ्ठल हे धाकटे भाऊ निषेध म्हणून संघातून बाहेर पडले आणि त्यांनी तसं जाहीर निवेदन काढलं. दबाव एवढा वाढला की अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घ्यावं लागलं, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघ बाळूंनी हाकला. इतक्या वर्षांच्या कर्तबगारीच्या बदल्यात काही वेळाचं कर्णधारपद!

पुढच्या पिढीने ते पूर्ण मिळवलं. १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. १९२५ आणि १९२६ सालीही हिंदूच जिंकले. आता सांगा, बाळू मोठे की विठ्ठल? प्रश्नच चुकीचा आहे. विठ्ठलच्या कर्णधारपदामागे बाळूंचे बळी आहेत आणि भावांनी १९२० साली घातलेला बहिष्कारही आहे. एकट्या कर्तबगारीने दार उघडलं असतं तर ते १९०६ सालीच उघडायला हवं होतं. ते उघडलं निषेधानंतर.

गुणवत्तेचे ठेकेदार त्या काळात कर्णधार कसे निवडत, तेही पाहून घ्या. १९११ च्या दौऱ्याचे कर्णधार पतियाळाचे महाराज. १९३२ च्या दौऱ्याला पोरबंदरचे महाराज. १९३६ ला विजयनगरमचे महाराजकुमार. त्यांनी तीन कसोटींत मिळून धावा केल्या ३३. कसोटी संघाचं कर्णधारपद ३३ धावांवर मिळतं, आणि १७९ बळी घेणाऱ्याला जिमखान्याच्या संघाचंही मिळत नाही. हे ज्यांनी केलं, त्यांचेच वारस आज आपल्याला विचारतात, ‘आरक्षणाने गुणवत्ता बुडत नाही का?’

कर्णधार कोण निवडतो?

इथे गोष्ट खेळातून राजकारणात जाते, कारण बाळूच तिथे गेले. १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे, तशी पी. बाळू यांचीही आहे. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत, भायखळा-परळ भागात, काँग्रेसने बाबासाहेबांसमोर बाळूंनाच उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. नागपाडा याच भागाला लागून आहे.

आपल्यातले काहीजण या एका गोष्टीवरून बाळूंना मोडीत काढतात. मला ते पटत नाही. ज्या माणसाने मातीच्या भांड्यात चहा पिऊन साम्राज्याच्या फलंदाजांना बाद केलं, त्याला मोडीत काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्यांचं राजकारण बरोबर होतं असंही म्हणता येणार नाही. आयुष्यभर त्यांनी एका समितीकडून कर्णधारपदाची वाट पाहिली, आणि राजकारणातही दुसऱ्यांनी दिलेल्या उमेदवारीवरच ते उभे राहिले. जिमखान्याची समिती कर्णधार निवडत होती, काँग्रेस उमेदवार निवडत होती. अस्पृश्य माणूस मैदानावर होता, निवड दुसऱ्याच्या हातात होती.

बाबासाहेबांची स्वतंत्र मतदारसंघाची मागणी या उजेडात वाचा. आमचा प्रतिनिधी आम्ही निवडू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे आमचा कर्णधार आम्ही ठरवू. ती मागणी पुणे करारात गेली, तेव्हा त्यांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढून स्वतःचा संघच उभा केला. १९३७ साली खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं ते याच पक्षाच्या बळावर, आणि त्याचा थेट संबंध आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या चरीच्या शेतकरी संपाशी होता. खोतांच्या जमिनी कसणारी आगरी-कुणबी कुळं आणि अस्पृश्य समाज एका बाजूला आणण्याचा डाव बाबासाहेब टाकत होते. हा खरा पॉइंट गार्डचा खेळ.

आपल्या पिढ्यांची तुलना

आता घरचा प्रश्न. चळवळीत दोन सूर सतत ऐकू येतात. जुने कार्यकर्ते म्हणतात, ‘पँथरच्या पिढीसारखी धग आता राहिली नाही, ही पोरं मोबाइलवरच क्रांती करतात.’ पोरं म्हणतात, ‘तुम्ही गट पाडले, आता आम्हाला शिकवू नका.’ दोघेही कूझी-करीचाच वाद घालत आहेत, वेगवेगळ्या नियमांत खेळलेल्यांचे आकडे शेजारी ठेवून.

१९२७ च्या महाडच्या पिढीसमोर प्रश्न पाण्याचा होता. १९७२ च्या पँथरसमोर कायदा कागदावर होता आणि गावात अत्याचार होते. नामांतराच्या पिढीने १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं एका नावासाठी घरं जळताना पाहिली. आजच्या पिढीसमोर कंत्राटी भरती आहे, खासगी क्षेत्र आहे जिथे आरक्षणच नाही, आणि महाग झालेलं शिक्षण आहे. आमच्या पट्ट्यात कारखान्यांच्या गेटवर कोणाला कायम करायचं आणि कोणाला ठेकेदाराकडे ठेवायचं हे ठरवणारा माणूस कोणालाही उत्तरदायी नसतो. पँथरच्या डावाने हा सामना जिंकता येणार नाही. पण पँथरने दिलेल्या पासशिवाय आपण या मैदानावर उभेही नसतो.

म्हणून गावातल्या कार्यकर्त्यांना दोन कामं सुचवतो. पहिलं, आपल्या भागातल्या संघांत, मंडळांत, सोसायट्यांत आणि शाळा समित्यांत आपली माणसं किती आहेत हे मोजून थांबू नका. निवड समितीत कोण आहे, पंच कोण नेमतो, प्रशिक्षक कोण, पैसा कोणाच्या सहीने निघतो, हे विचारा. चढाईला आपला पोरगा आणि निवड समितीत एकही नाही, असं असेल तर आपण अजून १९२० सालात आहोत.

दुसरं, जुन्यांच्या असिस्ट लिहून ठेवा. विठ्ठल पळवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे पुस्तक लिहिलं म्हणून पळवणकरांचा बराच इतिहास हाती लागला. आपल्या गावांत कबड्डी गाजवलेली, मोर्चे काढलेली, वसतिगृहासाठी वर्गणी गोळा केलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची कुठेच नोंद नाही. त्यांच्याशी वाद घालायचा तर जरूर घाला, पण आधी त्यांच्याकडे वही-पेन घेऊन बसा. कोणत्या सालात कोणतं मैदान बंद होतं आणि ते कोणी उघडलं, हे लिहून घ्या.

आणि पुढच्या वेळी कोणी गुणवत्तेची यादी तोंडावर फेकली, तर चिडू नका. शांतपणे विचारा : कोणत्या मैदानावर, कोणाच्या नियमांनी, आणि कर्णधार कोणी निवडला होता?

जय भीम!